तांबड्याचा आवाज

सटवाजीच्या परसात सात कोंबड्या आणि दोन कोंबडे होते. मोठा तो तांबड्या, आणि दुसरा त्याचाच वंश, काळपट रंगाचा तरणा. गुडघ्यांमुळे गवंडीकाम सुटलं तेव्हापासून सटवाजीचा सगळा दिवस ह्या खुराड्यापाशी जायचा. अळणावरकडचं गाव सोडून तो रायापूरला आला त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. पोरं कामाला बेंगळुरूला गेली. घरात तो आणि बायको यमुना.

भिंतीपलीकडे दत्तात्रयचं घर. शहरात सुभाष रोडवर त्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं. त्याची बायको रुक्मिणी आजारी होती. कॅन्सर हाडांत उतरला होता. दिवाळीनंतर डॉक्टरांनी तिला घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा दत्तात्रयनं तिची खाट परसाकडच्या खोलीत घातली.

एके दिवशी सकाळी तो फाटकात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, अंगावर रात्रीचाच शर्ट.

"सटवाजीअप्पा, राग मानू नका. ती रात्रभर तळमळते. चारच्या सुमाराला कुठं तिचा डोळा लागतो, आणि तेवढ्यात तुमचा कोंबडा सुरू होतो." बोलता बोलता त्यानं हात जोडले.

"हात कशाला जोडताय, दत्तण्णा? बघतो की मी," सटवाजी घाईघाईनं म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्यानं खुराड्यावर पोती टाकली. आत मिट्ट काळोख केला. तरी तांबड्या नेमक्या त्याच वेळेला आरवला. उजेड बघून कोंबडा आरवतो हे काही खरं नव्हे, त्याची वेळ त्याच्या अंगातच असते, हे सटवाजीला तेव्हा कळलं. मग त्यानं त्याला बुटक्या डालग्याखाली कोंडलं. मान ताणल्याशिवाय कोंबड्याला नीट बांग देता येत नाही. तांबड्यानं तशीच वाकून बांग दिली, घोगरी, घुसमटल्यासारखी. ती ऐकवेना. यमुनाच उठून डालगं उचलून आली.

शेवटी सटवाजीनं त्याला पिशवीत घालून गावी नेलं आणि बहिणीच्या, वेणूबाईच्या, परसात सोडलं.

दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या पहाटे तरणा आरवला. आधी फाटक्या आवाजात, मग चांगला ठणठणीत. वर्षभर ज्याच्या घशातून कधी धड आवाज निघाला नव्हता, तो हा. सटवाजी अंथरुणात उठून बसला. पोर मुकं नव्हतं. तांबड्याच्या धाकानं गप्प होतं. मोठा असेपर्यंत आरवायचा मान मोठ्याचा. धाकट्यानं तोंड उघडलं की टोच बसायची. आता जागा मोकळी झाली होती.

भिंतीपलीकडे दिवा लागलेला दिसला. त्याच दिवशी सटवाजीनं तरण्याला कापलं. यमुनेनं रस्सा केला. सटवाजीनं ताट पुढं ओढलं आणि तसंच मागं सारलं.

मग कोंबड्यांची दशा झाली. तांबड्या असताना त्याचा एक डोळा सदा आभाळाकडे असायचा. घार दिसली की एक आवाज, मांजर आलं की वेगळाच. दाणा सापडला तर आधी कुक-कुक करून कोंबड्यांना बोलवायचा, मग आपण टिपायचा. आता त्यांना कुणी हाक मारणारं उरलं नव्हतं. भर दुपारी मुंगसानं दोन नेल्या.

तीन आठवड्यांनी दत्तात्रय पुन्हा आला. ह्या वेळी आत येऊन कट्ट्यावर बसला.

"अप्पा, ती झोपत नव्हतीच," तो म्हणाला. "मला वाटायचं झोपली. पण ती नुसती डोळे मिटून पडायची, मी थोडं झोपावं म्हणून. कोंबडा आरवला की म्हणे तिला बरं वाटायचं. एक रात्र सरली असं वाटायचं. हे तिनं मला आत्ता सांगितलं."

"मग आता?"

"आता रोज विचारते, अजून रात्रच आहे का? मी घड्याळ दाखवतो. तिला पटत नाही. अप्पा, तो कोंबडा परत आणाल?"

सटवाजी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेला. वेणूबाईच्या परसात तांबड्या लाकडाच्या ढिगाखाली बसला होता. तुरा फाटून काळा पडलेला, शेपटीची पिसं गेलेली.

"आमच्या कोंबड्यानं पहिल्याच दिवशी त्याला लोळवलं, अण्णा," वेणूबाई म्हणाली. "तवापास्नं आवाज न्हाई त्याचा."

घरच्या अंगणात, आपल्या कोंबड्यांत तो सावरेल, असं सटवाजी धरून चालला होता. त्यानं तुऱ्याला हळद लावली, जोंधळे चारले. पण कोंबड्या त्याला विसरल्या होत्या. म्हातारी ठिपकेवाली तर अंगावर धावून गेली, आणि तांबड्या, जो कुत्र्यालाही मागं हटवायचा, तिच्यापुढून पळाला. कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पहिली पहाट गेली. दुसरी गेली. तिसऱ्या पहाटे सटवाजी कांबळं पांघरून खुराड्यापाशी गेला, मान वर केली आणि स्वतःच बांग दिली. कोंबड्याला दुसऱ्या कोंबड्याची बांग सोसत नाही, तो उत्तर देतोच, एवढा एकच आधार त्याला उरला होता. तीनदा, चारदा. समोरच्या घरातून कुणीतरी हसलं. तांबड्या आणखीच आक्रसला.

सकाळी दत्तात्रय भिंतीवरून म्हणाला, "तिनं निरोप दिलाय. अप्पांना म्हणावं, थंडीत उभे राहू नका."

"तिला कळलं व्हय, मी होतो ते?"

"कळलं."

त्यानंतर त्यानं बांग दिली नाही. सोमवारी दुपारी, दत्तात्रय दुकानाच्या कामगाराशी फोनवर बोलत असताना, रुक्मिणी गेली.

दहावं-तेरावं झाल्यावर दत्तात्रय सटवाजीच्या परसात आला. डोकं भादरलेलं, चेहरा उतरून लहान झालेला. तो तांबड्याकडे बघत राहिला.

"आता हा कधीच आरवणार नाही?"

"सांगता येत न्हाई," सटवाजी म्हणाला. "कधी कधी वर्षानंबी आवाज येतोय."

"नको येऊ दे," दत्तात्रय म्हणाला. "अप्पा, मला आता ते ऐकवणार नाही."

तो निघून गेला. यमुना दारात उभी होती. "एन माडोदु? काय करायचं आता ह्याचं?" तिनं विचारलं.

सटवाजी खाली बसला. मूठभर जोंधळे त्यानं तांबड्यापुढं टाकले.