फुग्याचा रकाना

माझ्या धाकट्या भावाला आकाशात काहीतरी दिसलं, आणि तो चार महिने घरी बसला. टपालाचं विमान चालवायचा तो. सुरक्षा मंत्रालयाचा नियम असा की, दिसलेल्या वस्तूची ओळख पटेपर्यंत पायलटने उडायचं नाही. आणि ओळख पटवणारा विभाग कुठला? माझाच! म्हणजे साहेब, मी आणि एक कपाट.

बावीस वर्षं मी इथे टायपिंग करतेय. आकाशात काही दिसलं की पायलटांनी भरायचा अर्ज माझ्याच हातचा, आणि 'अनोळखी उडत्या वस्तू व राष्ट्रीय सुरक्षा' हा वार्षिक अहवालही. गेल्या अहवालात एकेचाळीस वस्तू होत्या. तो वाचून मंत्री म्हणे आठवडाभर गंभीर होते.

भाऊ मात्र वेड लागायच्या बेतात होता. रोज सकाळी गणवेशाला इस्त्री करायचा आणि परत टांगून ठेवायचा. शेवटी एका रविवारी मी त्याला धरलंच.

"खरं सांग, काय दिसलं होतं तुला?"

"फुगा. हवामान खात्याचा. त्यावर नंबरसुद्धा होता."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं गं ताई! चौकशीला मंत्रालयाची सात जणांची समिती. म्हणाले, अर्जात तुम्ही तसं म्हटलेलं नाही. अर्जात विमान, हेलिकॉप्टर, पक्षी आणि 'अन्य, अनोळखी' एवढंच. फुगा नव्हताच, मग खूण कशावर करू? वर विचारतात, वस्तूचा हेतू काय वाटला! फुग्याला कसला आलाय हेतू, डोंबलाचा?"

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. पूर्वी त्या अर्जात फुगा होता. "बाई, एका पानात बसवा," असं साहेब म्हणाले होते, आणि एक ओळ खाली घसरत होती. ती मीच उडवली होती.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं. हवामान खातं आमच्याच इमारतीत, एक मजला खाली. तिथून फुग्यांची यादी आणून आम्ही जुने अर्ज ताडून बघितले. एकेचाळीसपैकी अडतीस फुगे निघाले. साहेबांनी यादीची घडी करून खणात टाकली.

"तो अहवाल मंत्र्यांनी वाचलाय," ते म्हणाले. "आता जुनं उकरायचं नाही. भावाकडून नवा अर्ज भरून घ्या. फुग्याची ओळ घाला. पण बाई, एका पानात बसलं पाहिजे हं."

मी तरी काय करणार? डोळ्यांसमोर तो गणवेश होता. फुगा घातला आणि पक्षी काढला. म्हटलं, पक्ष्यांना कोण घाबरतंय! भावाने नव्या अर्जात फुग्यावर खूण केली, आणि पाचव्या दिवशी स्वारी पुन्हा आकाशात. मी अख्ख्या मजल्याला चहा पाजला.

आठवडाही झाला नसेल, विमानतळावरून त्याचा फोन.

"ताई, आज घारींचा थवा आडवा आला. अगदी जवळून. अर्ज घेऊन बसलोय. यातला पक्षी कुठे गेला गं?"

हा मुलगा लहानपणापासून खोटं बोललेला नाही. त्याच्या खरेपणापायी मी कितीदा मार खाल्लाय.

"'अन्य, अनोळखी'वर करू का खूण?"

"खबरदार!" मी ओरडलेच. "तुला काही दिसलेलं नाही. अर्ज फाड आणि घरी ये."

पलीकडे कागद फाटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बरं."

यंदाच्या अहवालात एकही अनोळखी वस्तू नाही. बाकीच्या पायलटांनाही बहिणी असाव्यात. 'आकाश पूर्णपणे सुरक्षित आहे,' असं साहेबांनी स्वतः लिहून दिलं, आणि अहवाल अर्ध्या पानात बसला. मंत्री खूश आहेत.

भाऊ रोज उडतो. रात्री जेवायला बसलो की मी सवयीने विचारते, "काय रे, आज काय दिसलं?"

"काही नाही," तो म्हणतो, माझ्याकडे न बघता.