शेपटीचा पांढरा केस

ट्रकमधून मोटारसायकल उतरवली तेव्हा कुबातनं माझी नजर टाळली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोललेली आणि चेहरा पिठासारखा पांढरा. ट्रकवाल्यानंच सांगितलं. खिंडीच्या पलीकडच्या उतारावर गिअरचं पेडल पायाखाली लुळं पडलं. गाडी न्यूट्रलमध्ये सुसाट सुटली, ब्रेक तापून निकामी झाले, तेव्हा पोरानं ती डोंगराच्या अंगाला घातली. त्या रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला काय आहे ते आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

मग कुबात बोलला. "एजे, परवा हे गिअरचं पेडल तूच आवळलं होतंस ना?"

मी झुरा, त्याची मोठी बहीण, म्हणून एजे. नवरा गेल्यापासून वडिलांच्या दारातल्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करते. माझ्या हातचा नट सुटला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

"आवळलं होतं," मी म्हणाले.

"मग सुटलं कसं? काल तूच म्हणालीस, जा आणि तिकडंच मर म्हणून."

म्हणाले होते खरी. आमच्यात धाकट्या मुलानं आईबापाची चूल सांभाळायची असते, आणि हा धाकटा याच गाडीवरून खिंड ओलांडून चालला होता मॉस्कोला बांधकामावर. राग आला, बोलून गेले. पण बोलणं वेगळं आणि बोल्ट सैल ठेवणं वेगळं. माझा सख्खा भाऊ माझ्याकडे खुन्याकडे बघावं तसा बघत होता. खरंच विसरले असेन का?

मी गाडी स्टँडवर चढवली आणि पेडल हातानं वरखाली केलं. पेडल हलत होतं, सळई हलत होती, पण गिअरबॉक्समधून बाहेर आलेला दांडा ढिम्म. म्हणजे दोष मधेच कुठेतरी. सळईच्या दोन्ही टोकांचे सांधे दाबून पाहिले, घट्ट होते. राहिली ती दांड्यावर बसणारी पकड. ती बोटानं गरगर फिरली. आतले दात झिजले असतील म्हणून काढून पाहिली, तर दात शाबूत. तिला आवळणारा बोल्ट तेवढा सैल होता.

चिखल रॉकेलच्या फडक्यानं पुसला आणि मी तिथंच खाली बसले. बोल्टच्या कडांवर ताजे चावे होते. माझा पाना चावत नाही, आणि गाडीच्या थरथरीला दात नसतात. असे चावे नालाचे खिळे उपटायच्या चिमट्याचे. पकडीच्या मानेला, आत, दिसणार नाही असा एक लांब पांढरा केस करकचून बांधलेला होता.

ती गाठ मी लहानपणापासून ओळखते. चांगला घोडा नाइलाजानं दुसऱ्याला द्यावा लागला, की आमचे जुने गुराखी त्याच्या खुराच्या वर शेपटीचा केस आवळून बांधतात. कातडीत रुततो, कुणाला दिसत नाही. घोडा लंगडायला लागतो, घेणारा वैतागून परत आणून सोडतो. केस कापला की घोडा ठणठणीत. गावात पांढऱ्या शेपटीची घोडी एकच, आमच्या वडिलांची.

वडिलांना आम्ही आके म्हणतो. ते भिंतीशी लोकरीच्या नमद्यावर बसून वाटीतून चहा पीत होते. मी केस त्यांच्यापुढं धरला.

"आके, हे तुमचं काम?"

"माझंच." लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. "लोखंडाला केस कुठला रुततोय, म्हणून तो खिळापण जरा ढिला केला. लंगडली ना? आणली ना परत?"

"लंगडली नाही. पळाली."

"पळेल कशी? पाय बांधल्यावर कुणी पळतं होय?"

"ती घोडी नाही, आके! गिअर सुटला की ती थांबत नाही, उतारावर आणखीच धावते. तुमचं पोरगं दरीत जात होतं."

आकेंनी माझ्याकडे बघितलं, मग केसाकडे. वाटी कलंडली, गरम चहा मांडीवर सांडला, त्यांना पत्ता नाही. "घोडा लंगडला की माघारी फिरतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "माणूस पडतो कुठं त्यात? माणूस नाही पडत."

दारात कुबात उभा होता, हाताला फडकं गुंडाळून. सगळं ऐकलं होतं त्यानं.

"एजे," तो म्हणाला, "मी तुला..."

"गप बस. हात धू आधी नीट."

मी नवा बोल्ट घातला, खाली स्प्रिंगचा वायसर आणि मागून दुसरा नट. गिअर पाचही टाकून पाहिले, प्रत्येक जागच्या जागी खटकन बसला. आके शेजारी उकिडवे बसून माझ्या हातांकडे बघत होते.

"अजून थोडं आवळ."

"आटे जातील, आके."

"एवढंसंच, पोरी."

मी पाना नुसताच फिरवल्यासारखं केलं, तेव्हा कुठं ते उठले.

सकाळी कुबातनं पिशवी बांधली. आके अंगणात आले ते ठेवणीतली उंच टोपी घालून. त्यांनी मोटारसायकलचं हँडल धरलं, दुसरा हात कुबातच्या काखेखाली घातला आणि त्याला गाडीवर चढवलं. मग हँडल धरूनच चार पावलं फाटकापर्यंत चालत नेलं.

आमच्यात पाहुण्याला निरोप देताना असं लगाम धरून घोड्यावर बसवतात. घरच्या मुलाचा लगाम कुणी धरत नाही.

कुबातला कळलं. खिंडीतून आला तेव्हासुद्धा त्याचा चेहरा इतका पडलेला नव्हता. "आके, हे काय करताय?" तो म्हणाला. "मी काय पाहुणा आहे?"

"सावकाश जा," आके म्हणाले, आणि त्यांनी हँडल सोडलं.