साडेचारशे मीटरच्या आत

"आई, जरा पाय ओढत चाल," मुलगा कानाशी कुजबुजला. "साडेचारशे मीटरच्या वर गेलीस तर घेणार नाहीत. नियमच आहे, मी वाचलाय."

"पाय ओढायला माझे पाय काय मोडलेत?"

"फुप्फुसं मोडलीत. ती लक्षात ठेव म्हणजे झालं."

फुप्फुसं हळूहळू घट्ट होत चालली होती, आणि नेहमीच्या औषधांनी मळमळीपलीकडे काही दिलं नव्हतं. या रुग्णालयात नव्या औषधाची चाचणी सुरू होती. तिच्यात आईचा नंबर लागावा म्हणून मुलाने इथे खेटे घातले होते. आता एवढंच उरलं होतं: सहा मिनिटं चालून दाखवायचं.

तिला सगळे मीटरबाई म्हणत. उभी नोकरी घरोघरी पाण्याचे मीटर वाचण्यात गेली होती. 'ताई, थोडं कमी लिहा ना' हे वाक्य तिने नमस्कारापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. कोणी सरबत पुढे केलं, एकाने तर कुत्रं अंगावर सोडलं. तिने काट्यावर दिसलं तेच लिहिलं. आणि आज पोटचा पोरगाच म्हणत होता, कमी लिही!

कॉरिडॉरच्या दोन टोकांना नारिंगी प्लास्टिकचे कोन ठेवले होते. मधलं अंतर तीस मीटर. चाचणी घेणाऱ्या मुलीने तिच्या बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला.

"काकू, आजचं अंतर आम्ही धरून ठेवतो. औषध सुरू झालं की सहा महिन्यांनी पुन्हा चालायचं आणि फरक बघायचा."

"म्हणजे आज मी रेंगाळले आणि तेव्हा नीट चालले, तर शाबासकी गोळीला?"

मुलगी गोंधळली. मुलाने कपाळाला हात लावला.

"सुरू करा," मुलगी म्हणाली.

सुरुवातीला तिने खरंच प्रयत्न केला. मुलासाठी. पण पाऊल अडखळत टाकताना तिला स्वतःचीच किळस आली. कोणीतरी कुठेतरी या आकड्यांवर भरवसा ठेवून ती गोळी गिळणार होतं. दुसऱ्या कोनाला वळसा घालून तिने पदर खोचला आणि नेहमीची चाल धरली.

"छान चालताय. तीन मिनिटं राहिली," मुलगी ठरलेलं वाक्य म्हणाली. तिला त्याहून जास्त बोलायची परवानगी नव्हती.

चौदावी फेरी संपली आणि छाती आवळून आली. श्वास नुसता घशाशी येऊन परत जात होता. तिने भिंतीला पाठ टेकली.

"टेकून उभ्या राहिलात तरी चालेल. जमेल तेव्हा चालायला लागा. एक मिनिट राहिलं."

समोरच्या बाकावर मुलाचे डोळे चमकले. ओठ हलले: थांब, तिथेच थांब. चौदा फेऱ्या म्हणजे चारशे वीस. आता खोटं वागायचीही गरज नव्हती. नुसतं टेकून राहिलं की औषध मिळत होतं. निदान मिळण्याची शक्यता तरी.

श्वास परत आला. थोडाच, पण आला. आता उभं राहणं म्हणजे लबाडीच होती. तिने मुलाकडे पाहिलं, मान नकारार्थी हलवली आणि निघाली.

मुलीने थांबवलं, तेव्हा ती जिथे उभी होती तिथपर्यंत टेप लावून मोजणी झाली. चारशे अठ्ठावन्न.

"आत्ता नाही घेता येणार, काकू," मुलगी हळूच म्हणाली. "तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी देता येते. जागा उरल्या तर."

"आठ मीटर!" मुलगा उसळला. "आठ मीटरसाठी हातचं घालवलंस! दोन पावलं कमी टाकली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?"

तिला बोलता येईना. तिने हाताने 'थांब' अशी खूण केली आणि धाप ओसरेपर्यंत त्याला तसंच ताटकळत ठेवलं.

"तीन महिन्यांनी येईन. तेव्हाही अशीच चालेन. कमी भरले, तर खरीच कमी भरलेली असेन."

"आणि जागाच नसली तर?"

"तर नसेल."

"आई, मला भीती वाटते गं."

"मला वाटत नाही होय रे?" ती म्हणाली. "पण तिच्यापायी मी लंगडायची नाही. ऊठ."

तो उठला. तिने त्याचा दंड घट्ट धरला आणि दाराकडे निघाली, त्याच्यापेक्षा अर्धं पाऊल पुढे.