मातीचा रकाना

नाव

झाड घ्यायला आलेल्या श्यामकांत वर्द्यांनी कुंडी उचलली, पालथी केली आणि तिची कड टेबलाच्या कोपऱ्यावर हलकेच आपटली. रुक्मिणीच्या हातातलं पेन कार्डावर तसंच थांबलं. पाळण्यातलं मूल कुणी पाय धरून उलटं उचलावं, तसं तिला झालं.

"घाबरू नका बाई," वर्दे म्हणाले. "मुळं बघितल्याशिवाय मी पान बघत नाही."

तिचा नवरा दशरथ घाबरला नव्हता. हात मागे बांधून, टाचा जुळवून तो उभा होता. गिरणीत साहेब मशीन बघायला येत तेव्हा तो असाच उभा राहत असणार, असं रुक्मिणीला वाटलं. तिनं त्याला गिरणीत कधी पाहिलं नव्हतं. आणि आता गिरणीच बंद पडून दोन वर्षं झाली होती.

मुलुंडच्या शाळेचा हॉल. बाकं भिंतीला लावलेली, मधे टेबलं, टेबलांवर झाडं: बोन्साय, निवडुंग, कुणाचं पांढऱ्या पट्ट्यांचं क्रोटन. दुर्मीळ झाडांची विक्री, असा दारावर कापडी फलक. बाग-मंडळाच्या अनुपमाबाईंनी प्रत्येक विक्रेत्याला छापील कार्डं वाटली होती. नाव, वय, ऊन, पाणी, माती. पाच रकाने. रुक्मिणी सातवी पास, अक्षर बरं, म्हणून कार्ड तिच्याकडे.

नावात तिनं "मखमल" लिहिलं होतं. घरी तेच म्हणत. सुपाएवढी हिरवी पानं, वरून हात फिरवला तर खरंच मखमल, आणि त्यात पांढऱ्या शिरा, खडूनं आखल्यासारख्या. अनुपमाबाईंनी त्याखाली झाडाचं खरं, लांबलचक नाव लिहून दिलं. ते दशरथनं दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मखमलच बरं."

वय

अकरा वर्षं.

गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर महादू माळी होता. झाडाचं मोडलेलं खोड कचऱ्यात टाकता टाकता तो दशरथला म्हणाला, "तुला दिलं तर जगायचं नाही. चोरून ने." आणि पाठ फिरवून उभा राहिला. दशरथनं तो करंगळीएवढा तुकडा डब्यातल्या पोळीच्या फडक्यात गुंडाळून चोरला. तो घाटकोपरला, भटवाडीच्या चाळीत, गॅलरीच्या कोपऱ्यात जगला. आता त्याची बावीस पिल्लं झाली होती, चहाच्या डब्यांत लावलेली.

वय आणखी एका कागदावर होतं. नाव, वय, धंदा. तो कागद नाक्यावरच्या डॉक्टरांचा. तिथंही रुक्मिणीनंच सांगितलं होतं: दशरथ धाकू सावंत, सेहेचाळीस, गिरणी, ब्लोरूम. कापसाच्या गाठी फोडायचं, पिंजायचं खातं.

"बंद कधीपासून?"

"संप झाल्यापासनं. दोन वर्षं."

"मग खोकला उतरायला हवा होता," डॉक्टर म्हणाले. "कापसाची धूळ छातीत बसते, पण सुटली की माणूस थोडा सावरतो. घरात धूळ आहे का कसली?"

"नाही," रुक्मिणी म्हणाली.

तरी घरी येऊन तिनं धूळ शोधली. कापसाची गादी दिरांकडे पाठवली, चटई आणली. गहू पाखडायला ती शेजारच्या नंदाच्या दारात जाऊ लागली. केर काढायचा तर आधी पाण्याचा शिपका. पोटमाळ्यावरच्या गोणींना तिनं हात लावला नाही, कारण त्या झाडांच्या मातीच्या होत्या; तबेल्याचं शेणखत, असं ती समजून होती. झाडं हवा चांगली करतात, असं मुलांच्या पुस्तकात होतं.

आणि खोकला ती मोजू लागली. बोटांच्या पेरांवर. अंगठा एकेका पेरावरून सरकायचा. डॉक्टरांनी विचारलं तर सांगता यायला हवं. मोजता मोजता तिला कळलं की बुधवारी खोकला वाढतो. मंगळवारी दशरथ चालत कुर्ल्याला गिरणीच्या गेटवर जायचा, संपाचं काय झालं बघायला. जिवाला लावून घेतात, ती नंदाला म्हणाली. तिथं जातात, बंद गेट बघतात, आणि दुसऱ्या दिवशी छाती धरून बसतात.

"मग जाऊ नको म्हण ना," नंदा म्हणाली.

"एवढं एकच जाणं राहिलंय गं त्यांना."

ऊन

थेट नको.

पाणी

एक दिवसाआड.

विक्रीची ही कल्पना रुक्मिणीची. नंदा मुलुंडला अनुपमाबाईंकडे पोळ्या करायची, तिथून बातमी आली. दशरथ नको म्हणाला. झाडं काय विकायची, म्हणाला. रुक्मिणी आठ दिवस मागे लागली. तिला दिसत होतं ते असं: गॅलरीत दशरथ बसलेला, हिरव्याच्या मधे, हात मातीत, गिऱ्हाईक दारात. यंत्र नाही, भोंगा नाही, धूळ नाही. छातीला न खाणारं काम. तेवढंच तिला हवं होतं. किती मिळतील हे तिनं विचारलंही नव्हतं.

माती

कुंडीतून गड्डा सबंध बाहेर आला. वर्द्यांनी तो तळहातावर तोलला. पांढरी, जाड, निरोगी मुळं सगळीकडून गुंडाळलेल्या सुतासारखी.

"बघा हो अनुपमाताई," ते म्हणाले. "इकडे या. ही मुळं बघा. तुमच्या टेबलावरची सगळी झाडं लाल मातीच्या गोळ्यात घट्ट बसवलीत. माणूस घरी नेतो, पाणी घालतो, गोळ्याचा चिखल होतो, मूळ गुदमरतं. मग म्हणतो, माझा हात चांगला नाही. नाहीतर डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचं खत आणतात, काचा वेचत बसतात." त्यांनी गड्ड्याची कड चिमटीत घेतली, मुठीत दाबली, मूठ उघडली. ढेकूळ क्षणभर टिकलं आणि बोटानं टोचताच भुसभुशीत होऊन सांडलं. "हे काय आहे? शेणखत नाही. पानांचं नाही. एवढं हलकं, आणि पाणी धरून ठेवतंय."

रुक्मिणीनं पेन टेकवलं. माती, तिनं मनात जुळवलं, तबेल्याचं शेणखत आणि—

"ब्लोरूमची धूळ," दशरथ म्हणाला.

"काय?"

"कापूस पिंजताना खाली पडते ना साहेब, ती. सरकीची टरफलं, तूस, धूळ. गिरणीच्या मागल्या भिंतीपाशी ढीग आहे, पंधरा वर्षांचा. वॉचमन आमच्या गावचा आहे, आणू देतो. मंगळवारी एक गोण आणतो डोक्यावरनं. वरची सुकी असते, खालची कुजलेली. दोन्ही मिसळायची, चाळायची, तार-खिळे काढायचे. मग वर्षभर गोणीत ठेवायची." तो एवढं सलग बोलला याचं रुक्मिणीला आधी आश्चर्य वाटलं. मग बाकीचं तिच्या ध्यानात आलं.

मंगळवार.

तिचा अंगठा आपसूक पहिल्या पेरावर गेला.

"वा," वर्दे म्हणाले. "पंचवीस वर्षं झाडं लावतोय, हे मला सुचलं नाही. चाळता कुठं?"

"घरातच. मोरीत. दार लावून. गॅलरीत चाळली तर चाळभर उडते, लोक ओरडतात."

"कोण चाळतं?"

"मीच. ही कामाला गेली की."

वर्द्यांनी गड्डा कुंडीत परत बसवला, कडेनं बोटांनी दाबला, बाळाचं दुपटं सारखं करावं तसा. "हे मोठं झाड, पिल्लांची आई, तुम्ही विकणार नाही, दिसतंय मला. पिल्लं सहा द्या. आणि ही माती. दोन गोणी. नाही, थांबा. आमच्या मंडळात चाळीस जण आहेत. दर महिन्याला चार गोणी जमतील?"

"चार," दशरथ म्हणाला. "सहा देतो की."

"ते आजारी असतात," रुक्मिणी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. दशरथनंही पाहिलं. त्याची मान ताठ होती. दोन वर्षांत ती मान तिनं अशी पाहिली नव्हती. रेशनच्या रांगेत नाही, दिरांच्या घरी नाही, गेटवरून परत येताना तर नाहीच.

"म्हणजे," ती म्हणाली, "सहा गोणी डोक्यावरनं कशा येणार?"

"अगं टेम्पो पाठवतील साहेब," अनुपमाबाईंबरोबर आलेली नंदा मागून म्हणाली. "दशरथभाऊ, तुम्ही आता शेठ झालात. आम्हाला ओळख ठेवा हां."

दशरथ हसला. हसता हसता खोकला, तोंडावर हात धरून, वळून. चार. पाच. रुक्मिणीचा अंगठा दुसऱ्या बोटावर आला.

अनुपमाबाईंनी कार्ड उचलून पाहिलं. "माती राहिली की हो लिहायची."

"राहू द्या रिकामी," वर्दे म्हणाले. "लिहिलंत तर उद्या सगळा मुलुंड कुर्ल्याच्या भिंतीशी उभा राहील."

लोक हसले. कार्ड तसंच कुंडीला टेकून राहिलं.

माती

बुधवारी रुक्मिणी कामाला निघाली आणि नाक्यावरून परत आली. दार आतून नुसतं लोटलेलं होतं. मोरीचं दार मात्र बंद. आतून चाळणीचा आवाज येत होता: खस, खस, थांबणं, खस.

तिनं दार ढकललं. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात तूस तरंगत होता, संथ, अगदी सावकाश. खाली दशरथ उकिडवा. केसांवर, भुवयांवर, दंडांवर पांढरट लव. बाविसाव्या वर्षी ती लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा रोज संध्याकाळी तो असाच घरी यायचा. कापसाचा माणूस म्हणून ती हसायची.

"गेली नाहीस?"

"अहो, डॉक्टरांनी धूळ नको म्हटलंय."

"ही धूळ नाही गो. खत आहे."

"ब्लोरूमचीच ना?"

त्यानं चाळणी खाली ठेवली. बोटांनी तार शोधली, काढली, बाजूच्या वाटीत टाकली. "तीच. पण आमच्या खात्यातलं एवढंच आता कामाला लागलंय."

"पाणी मारून चाळा."

"ओली चाळत नाही. चिकटते."

"मग मी चाळते."

"तुझ्या छातीत जायला?"

ती उंबऱ्यावर बसली. वर पोटमाळ्यावर गोणी होत्या, सात. तिनं त्या रोज पाहिल्या होत्या, त्यांच्या खाली झोपली होती.

"मी नसतानाच का चाळता?" तिनं विचारलं. "मला केर पडतो म्हणून?"

दशरथनं तिच्याकडे न बघता चाळणी उचलली.

"तू खोकला मोजतेस म्हणून," तो म्हणाला.

तिनं पदराचं टोक तोडावं तसं ओढलं, मग उठून जुन्या धोतराचं फडकं आणलं आणि त्याच्या नाकातोंडावरून मागं घेऊन गाठ मारली. त्यानं मारू दिली. दोनतीन चाळण्या त्यानं तशाच काढल्या. मग गोणीच्या तळातली, वर्षभर मुरलेली काळी माती त्यानं ओंजळीत घेतली, दाबली, सोडली. थांबला. आणि फडकं गळ्याखाली ओढलं.

"अहो."

"वास बघायला पाहिजे. कच्ची गेली तर मुळं जळतात. साहेबाला कच्ची कशी द्यायची?"

त्यानं ओंजळ नाकाशी नेली, डोळे मिटले आणि खोल, पूर्ण श्वास आत ओढला. तो धरून ठेवला. चेहऱ्यावर तृप्ती पसरली.

"झालीये," तो म्हणाला. "पावसाआधीच्या शेतासारखा वास आहे. बघ."

खोकला यायला अजून वेळ होता. रुक्मिणीनं दोन्ही हातांची बोटं पदरात घट्ट गुंडाळून घेतली, आणि वास घ्यायला पुढं वाकली.