हानुसला हाक

आमच्या फेरो बेटांवर नव्या बाळाला घरातल्या वारलेल्या माणसाचं नाव देतात. माझ्या मामाचं हानुस हे नाव तसंच माझ्या भावाला मिळालं. भाऊ सकाळी मेंढ्या हाकत होता, दुपारी तापला आणि अंधार पडायच्या आत गेला. अंगभर जांभळे डाग. आई म्हणाली, "मामालाही असेच आले होते." त्यानंतर ते नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही.

माझ्या मुलाला मी मुद्दाम सासरकडचं नाव दिलं, बार्डुर. त्यालाही तेच डाग आले, आणि तोही गेला.

म्हणून माझ्या मुलीला, रान्वाला, मुलगा झाला, तेव्हा मी नावाचा विषयच काढू देईना. शेजारचा डान्यल म्हणाला, "कोकराच्या कानालाही ओळखीची खूण करता, आणि पोरगा बिननावाचा?"

रान्वाने मात्र आमचं सगळ्यांचं रक्त तपासायला दिलं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "जंतू आत शिरला की शरीराचे पहिले पहारेकरी त्याला पकडतात. ती पकड घट्ट ठेवणारं एक प्रथिन असतं. तुमच्याकडच्या काही मुलग्यांत ते बनवणारं जनुक बिघडलेलं असतं. ते आईकडून येतं. आईला स्वतःला काही होत नाही."

"म्हणजे माझ्याकडून."

"तुम्हाला तुमच्या आईकडून आलं. या बाळातही आहे. पण आता लस आहे. आणि ताप आला की एक तासही थांबायचं नाही."

घरी येताना रान्वा म्हणाली, "नाव हानुसच ठेवणार."

"वेड लागलंय का तुला?"

"आई, त्या बिचाऱ्या नावाला इतकी वर्षं दाराबाहेर उभं केलंत. त्याने काय केलं होतं?"

नाव ठेवलं. मी मात्र त्याला 'बाळ'च म्हणत राहिले.

परवा तो मांस वाळवायच्या खोपटामागे खेळत होता. आता चार वर्षांचा आहे. बघता बघता डोंगरावरून धुकं उतरलं आणि तो दिसेना. "बाळा!" म्हणून ओरडले. उत्तर नाही. खोपटाच्या फटींतून वारा घुमत होता, आत टांगलेले मांसाचे तुकडे एकमेकांवर आपटत होते.

शेवटी हाक मारली, "हानुस!"

वारा थांबल्यासारखा वाटला. धुक्यात पावलं वाजली. कोणता हानुस येतोय, कळेना.

"आजी, केवढी ओरडतेस!"

त्याच्या गालांवर, हातांवर जांभळे डाग होते.

मी त्याला खाली बसवलं आणि एप्रनचं टोक थुंकीने ओलं करून घासत सुटले. डाग पुसले गेले. मुठीत डोंगरावरची चिरडलेली काळी फळं होती.

"तू रडतेस का?"

"हानुस," मी म्हटलं, "घरी चल."