अर्ध्या मिनिटात आपली संस्था

नोंदणी आणि चहा

ताईला आज तोंड उघडायचं नव्हतं. चहा प्यायला चाललं असतं, जांभईलाही हरकत नव्हती. फक्त धाकट्या भावाचं वाक्य पुरं करायचं नव्हतं. भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवतो. अक्षरांशी त्याचं वाकडं नाही, पण ती तोंडातून बाहेर पडताना अडतात. अडली की पुढून ओढून काढायचं काम ताई लहानपणापासून करत आलेली. मास्तरांपुढे, वाण्यापुढे, डॉक्टरपुढे. एकदा तर तिच्या घाईपायी त्याचा भलताच दात उपटला गेला होता.

बसमधून उतरताना त्याने बजावलं. वेळ लागला, पण पुरतं बजावलं. "ताई, आज मध्ये तोंड घातलंस, तर शनिवारी मंडळात यायचं नाही. कधीच."

मंडळ अडखळत बोलणाऱ्यांचं. दर शनिवारी शिकवणीच्या एका खोलीत खुर्च्या गोल मांडून जमायचं. नियम एकच : कुणी कुणाचं वाक्य पुरं करायचं नाही. ताई तिथे चहा करायला म्हणून गेली आणि तिला चटकच लागली. घरात कधी न ऐकलेला भाऊ तिथे ऐकायला मिळायचा. चक्क विनोद सांगायचा! ते बंद झालं असतं, तर ताईला नुसता शनिवारच नव्हे, तर

टिंग.

ही घंटा. सेवाभावी संस्थांच्या या परिषदेत प्रत्येकाला ठरावीक वेळ आहे, मग गोष्ट सांगणाऱ्याचे लाड कोण करणार? पुढे चला.

पहिलं सत्र : तुमची संस्था हाच तुमचा ब्रँड

तज्ज्ञ तुकतुकीत होता. गालाला मायक्रोफोन चिकटवून मंचावर येरझाऱ्या घालत होता. "लोक संस्थेला मदत करत नाहीत, गोष्टीला करतात. गोष्ट छोटी करा. अजून छोटी!"

वृद्धाश्रमवाल्या बाईंनी हात वर केला. "आमच्याकडची माणसं ऐंशीच्या पुढची. त्यांची गोष्ट छोटी कशी करू?"

"शेवटापासून सुरू करा."

बाईंनी लिहून घेतलं.

रक्तदानवाल्यांना लाल रंग फार अंगावर येतो असं कळलं. ते बिचारे हिरव्याचा विचार करू लागले आणि

टिंग.

दुसरं सत्र : अर्ध्या मिनिटात आपली संस्था

ही स्पर्धा होती; जिंकेल त्या संस्थेची फिल्म फुकट निघणार होती. भावाला फिल्मशी काही घेणंदेणं नव्हतं. परक्या माणसांपुढे एक वाक्य स्वतः शेवटापर्यंत न्यायचं, एवढ्यासाठी तो मंचावर चढला.

"आमच्या मंडळात दर शनिवारी अ..."

अडलं. जबडा ताठ झाला, मान वर गेली.

'अडखळणारी माणसं जमतात.' ताईच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. तिने ते दातांमागे ढकललं, वर ओठ मिटले, वर रुमाल दाबला.

"अनाथ मुलं!" निवेदक म्हणाला.

भावाने मान हलवली. नाही. "अ..."

"अपंग?" दुसऱ्या रांगेतून.

"अन्नदान!"

"अवयवदान!"

सभागृहाला खेळच सापडला. "अस्वलं असतील हो," प्राणिमित्र आशेने म्हणाले.

घंटा झाली. निवेदकाने लगेच गळा दाटून आणला. "मंडळी, अनाथ मुलांच्या आठवणीने त्यांना शब्द फुटेना! याला म्हणतात परिणाम!"

टाळ्यांचा कडकडाट. एका परीक्षकाने चष्मा काढून डोळे टिपले. भाऊ अजून 'अ'वरच होता, तोवर पहिला क्रमांक जाहीरसुद्धा झाला.

तज्ज्ञ लगबगीने खाली ताईजवळ आला. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बहीण."

"वा! अनाथांसाठी सख्खी भावंडं! फिल्म तुमच्यापासूनच सुरू करू."

एका दमात सगळं निस्तरता आलं असतं. आयुष्यभर तिने हेच तर केलं होतं. तिने भावाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, माइक घट्ट धरून.

"त्याचं बोलून व्हायचंय अजून," ताई म्हणाली.

"बरं, काय म्हणायचंय त्यांना?"

"ते तो सांगेल."

"अहो, थोडक्यात तुम्हीच सांगा ना."

"मी नाही सांगणार."

"मग जेवणानंतर बघू?"

"त्याला विचारा. तो उतरलाय का खाली?"

तज्ज्ञाने मंचाकडे पाहिलं, मग दाराकडे. दारातून जेवणाचा वास येत होता. परीक्षक उठले, प्राणिमित्र उठले. निवेदक "अप्रतिम, अप्रतिम" म्हणत ताटाच्या रांगेत घुसला. तज्ज्ञही "आलोच हं" म्हणून गेला तो गेलाच.

दिवे अर्धे झाले. रिकाम्या खुर्च्यांपुढे भावाने एकदा श्वास सोडला, दुसरा घेतला, आणि ते 'अ'चं धूड हळूहळू बाहेर आलं. "अडखळणारी माणसं जमतात, आणि तिथे कुणी कुणाचं वाक्य प... पुरं करत नाही."

ताईने रुमाल खाली घेतला. पोटात कावळे कोकलत होते. "झालं?"

"हे प... पहिलं झालं."

"अगं बाई! किती आहेत?"

त्याने चार बोटं दाखवली. ताईने चपला काढल्या, पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घातली आणि म्हणाली, "हं."