हिस्केच्या झोपपिशवीचे तीन तारे

तान्ही निन्के चार महिन्यांची झाली आणि यिल्दाला दुपारची चाळीस मिनिटं सलग मिळायला लागली. त्या वेळात निदान पाठ तरी टेक, असं सासूचं सांगणं. यिल्दा मात्र टेबलाशी बसून बाटली गरम करायच्या यंत्राबद्दल लिहीत असे. खरेदीच्या मोठ्या संकेतस्थळावर अभिप्राय लिहायचा नाद तिला असाच लागला. त्याचे पैसे मिळत नव्हते. पण दिवसभर बाळाशी बोबडं बोलून झाल्यावर पूर्ण वाक्यं लिहायला मिळत, आणि कुणी अनोळखी माणूस खाली ‘उपयोगी’चं बटण दाबून गेला की तिची संध्याकाळ गोड होई.

या कामातले धडे तिला लिउवेने दिले. ग्रोनिंगेनचा निवृत्त पोस्टमन, नावावर नऊशे अभिप्राय. तिचं पहिलं लिखाण वाचून त्याने कळवलं होतं, “हे खोक्यावरून उतरवलंयस. खोकं मलाही वाचता येतं.” मग एकेक गोष्ट सांगत गेला. वस्तू तीन आठवडे वापरल्याशिवाय लिहायचं नाही. फोटो खिडकीशी काढायचा, दिव्याखाली नाही. आधी खोट, मग कौतुक. आणि विकणारा गयावया करत आला तरी दिलेला तारा हलवायचा नाही. एकदा हललीस की तुझा शब्द गेला, पोरी, असं त्याचं म्हणणं.

तारे किती द्यायचे, हे मात्र त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. ते तिला माहेरूनच ठाऊक होतं. बाबा शाळामास्तर. दहापैकी सहा म्हणजे पोरगं सुखरूप पार, सात म्हणजे छान, आठ मिळाले तर घरात केक यायचा. दहा त्यांनी उभ्या हयातीत कुणाला दिले नव्हते.

मे महिन्यात तिने जवळच्या मक्कम गावच्या हिस्के नावाच्या बाईकडून बाळाची झोपपिशवी मागवली. मऊ लोकरीची, घरी शिवलेली. त्या पिशवीत निन्के जन्मल्यापासून पहिल्यांदा सहा तास सलग झोपली. यिल्दाने तीन आठवडे वापरून, खिडकीशी फोटो काढून मन लावून लिहिलं. धुतल्यावर चेन गळ्याशी जराशी अडते हे आधी, मग त्या ऊबेबद्दल भरभरून. आणि पाचांपैकी तीन तारे दिले. तिच्या हिशेबी ती शाबासकीच होती.

तो अभिप्राय सगळ्यांत वर जाऊन बसला. साठ जणांना उपयोगी वाटला. तिने पाठवलेला नुसता मजकूर वाचून, आता जमलं, असं लिउवेनेही कळवलं, आणि यिल्दाने ते नवऱ्याला, सीत्सेला, दोनदा दाखवलं.

आठवड्याभराने हिस्केचा निरोप आला. अगदी अदबीने लिहिलेला. तुमच्याआधी चारच अभिप्राय होते, सगळे पाच ताऱ्यांचे. सरासरी उतरली आणि माझी पिशवी पहिल्या पानावरून आठव्या पानावर गेली. तिथवर कुणी येत नाही. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली नोकरी मी या शिवणाच्या भरवशावर सोडली आहे. चेन बदलून देते. इतकं छान लिहिलंत, मग तीनच का?

“अगं, पाच करून टाक की. तुझं काय जातंय?” सीत्से म्हणाला.

“माझा शब्द जातो.”

तिने हिस्केला कळवलं की तीन म्हणजे चांगलंच आहे, वाईट वाटून घेऊ नका. पाठवल्यावर तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. त्यावर उत्तर आलं नाही.

सप्टेंबरात कशावरून तरी विषय निघाला आणि तिने लिउवेला हे सांगितलं. मग त्याचं उत्तर आलं, “तीन? तीन मी गळक्या किटलीला देतो. इथे पाच म्हणजे ठीक आणि चार म्हणजे तक्रार. तुला काय वाटलं, सगळं जग तुझ्या बाबांच्या वर्गात बसलंय?”

यिल्दाने तिथल्या तिथे त्या पिशवीचं पान उघडलं. हा विक्रेता आता विक्री करत नाही, असं वर लिहिलं होतं. तारे बदलायचं बटणच उरलं नव्हतं.

रविवारी निन्केला सायकलीवर पुढ्यात बसवून ती बोल्सवर्डच्या घरून मक्कमला गेली. हिस्के साठीची, ठेंगणी बाई. तिने नाव ओळखलं तरी दार लावलं नाही. कॉफी दिली, सोबत एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. खिडकीशी एक टेबल रिकामं होतं. शिवणयंत्र पुतणीने नेलं म्हणाली. वृद्धाश्रमाने तिला परत कामावर घेतलं होतं, दुपारपाळीला.

“मी चुकले, हिस्केबाई. मला खरंच वाटलं होतं, तीन म्हणजे चांगलं.”

“तू एक अक्षर खोटं लिहिलं नाहीस,” हिस्के म्हणाली. “तेच तर अवघड झालंय गं. खोटं लिहिलं असतंस तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.”

यिल्दाने निन्केला मांडीवर सावरून घेतलं.

“आणि आधी मला विचारायचंस ना. मक्कम काय सातासमुद्रापार आहे?” हिस्के म्हणाली.

निन्केने हात पसरले तेव्हा हिस्केने तिला सहज आपल्या मांडीवर घेतलं. बोलता बोलता तिचा अंगठा बाळाच्या स्वेटरच्या शिवणीवरून फिरला, काखेपाशी सुटलेल्या टाक्यावर थांबला, परत फिरला. कुठून घेतलास, तिने विचारलं. दुकानातून, यिल्दा म्हणाली. हिस्केच्या पाळीची वेळ झाली होती, तरी तिचा अंगठा त्या शिवणीवरून हलत नव्हता.